खोगिराखालचा हात

घोड्याच्या पाठीवर खोगीर ठेवलं की पुंजाराम आधी मागं जाऊन वाकायचा आणि शेपटीकडून पुढं बघायचा. कण्याच्या वर, खोगिराच्या दोन गाद्यांमधून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. नाही दिसला तर खोगीर खाली. मालक कितीही मोठा असो. उजेड दिसला तर मग खरी परीक्षा. मालकाला वर बसवायचं, पोटाखालचा तंग आवळायला लावायचा आणि आपला उजवा हात, तळवा घोड्याकडे करून, खोगिराखाली सरकवायचा. खांद्यांमधल्या उंचवट्यापासून थेट कमरेपर्यंत. कुठं भार जास्त पडतोय, कुठं आतली लोकर गोळा झालीय, ते त्या हाताला कळायचं. टेप त्यानं आयुष्यात वापरली नाही, आणि वापरणाऱ्यांना तो शिंपी म्हणायचा.

शहराच्या छावणी भागात, गुरुवारच्या बाजाराच्या रस्त्याला त्याचं दुकान. दुकान म्हणजे पत्र्याची टपरीच. वर्षातले अकरा महिने तिथं माश्या उडायच्या आणि पोळ्याच्या महिन्यात श्वास घ्यायला फुरसत नसायची. गोंडे, म्होरक्या, कासरे, घुंगरमाळा. पण बैलांचा साज विकणारा म्हटलेलं त्याला खपत नसे. तो उस्ताद गफूरमियाँच्या हाताखाली बारा वर्षं घासलेला माणूस होता. गफूरमियाँच्या वडलांनी छावणीतल्या रिसाल्याची, म्हणजे घोडदळाची, खोगिरं भरली होती. रिसाला गेला, पुढं टांगेही गेले. राहिल्या त्या लग्नातल्या घोड्या.

आणि लग्नातल्या घोडीइतकं कमनशिबी जनावर दुसरं नसेल. वर नव्वद किलोचा नवरदेव, जो घोड्यावर पहिल्यांदा बसतो आणि शेवटचाही. समोर बँजो, मागं डीजे. त्यात घोडी नाचली पाहिजे, पुढचे पाय उचलले पाहिजेत, नाहीतर पाहुण्यांचा हिरमोड. ज्याच्या बुडाखाली घोडी असते त्याचं सगळं लक्ष वर उडणाऱ्या ड्रोनकडं. खोगीर पितळेच्या पत्र्याचं, आरसे लावलेलं, लोखंडी सांगाड्यावर ठोकलेलं. ते खालून नीट भरलं नसेल तर दोन वरातींत पाठ सोलून निघते. म्हणून शहरातले घोडीवाले पुंजारामला बाबा म्हणायचे आणि खुर्ची द्यायचे. त्या खुर्चीचं त्याला फार अप्रूप होतं, हे कबूल केलं पाहिजे.

पडेगावच्या इंद्रजीतनं सारंगखेड्याच्या यात्रेतून मैना आणली, तीही थेट त्याच्याकडेच आली. घरची शेती असलेला, लग्नांना घोड्या पुरवणारा तिशीतला पोरगा. जनावरावर जीव होता त्याचा. मैना पांढरीशुभ्र, कानांची टोकं आत वळलेली, खांद्यांमधला उंचवटा चांगलाच वर आलेला. असल्या घोडीचं खोगीर भरणं सोपं नसतं. पुंजारामनं सांगाडा उघडला, जुनी लोकर काढून पिंजली, नवी भरली. संक्रांतीच्या आत काम झालं. मागून उजेड दिसला. इंद्रजीत वर बसला, तंग आवळला, पुंजारामनं हात घातला.

"निवांत हाय," तो म्हणाला. "लोणी हाय लोणी. कितीबी वराती काढा."

महिनाभरानं इंद्रजीतचा फोन आला. घोडी खोगीर दाखवलं की कान मागं टाकते, तंग आवळताना चावायला येते. पुंजाराम पडेगावला गेला, पुन्हा हात घातला. काहीच टोचत नव्हतं.

"खोगिरात खोट नाय. घोडी नखरेल हाय. मारवाडी रक्त हाय, लई नाटकं करतं. काटेरी लगाम घाला, आठ दिवसांत सुतासारखी येईल."

बाबांनी सांगितलं म्हटल्यावर इंद्रजीतनं काटेरी लगाम घातला. मैना जबड्याच्या दुखण्यापायी पाठीचं दुखणं गप गिळायला शिकली आणि आणखी नऊ वराती नाचली. लोकांना वाटलं, काय सुरेख नाचते! ती कण्यावरचा भार चुकवत होती. इंद्रजीतला ते कळायला हवं होतं, पण बाबांचा हात लागलेल्या खोगिरावर संशय घ्यायचा, असं त्याच्या मनातही आलं नाही.

होळीच्या आधी खोगीर काढताना खालची झूल पाठीला चिकटून आली. ओढली तर तिच्याबरोबर कातडं आलं.

पुंजाराम सकाळीच पोचला. जखम समोर दिसत होती, पण तोंडातून आलं ते भलतंच. "तंग ढिला सोडला असंल. न्हाय तर त्या नवरदेवाला नीट बसता आलं नसंल."  इंद्रजीतनं जखमेवर मऊ कापड ठेवलं, त्यावर खोगीर चढवलं आणि म्हणाला, "बाबा, एकदा परत बघा. मी अलगद बसतो." मैना थरथरत उभी राहिली. पुंजारामनं हात आत घातला, पुढं सरकवला.

"निवांत," तो म्हणाला.

हात बाहेर काढला तेव्हा मैनेच्या पांढऱ्या मानेवर रक्ताचे थेंब पडले. पुंजाराम घाबरून तिच्या खांद्यावर जखम शोधू लागला. तिचे केस बाजूला केले, ओठ वर करून हिरड्या बघितल्या, कानामागं बघितलं. रक्त वाढतच होतं आणि ते नेमकं त्याचा हात जाईल तिथं दिसत होतं.

"बाबा," इंद्रजीत हळूच म्हणाला, "तुमचा हात."

पितळेचा पत्रा ठोकलेल्या एका खिळ्याचं टोक खोगिराच्या तळाला लावलेल्या नमद्यातून, लोकरीच्या जाड थरातून, खाली आलं होतं. त्यानं पुंजारामच्या हाताची मागची बाजू मनगटापासून बोटांपर्यंत उभी फाडली होती. त्याला मुंगी चावल्याइतकंही कळलं नव्हतं.

साखरेचा आजार त्याला अकरा वर्षांपासून होता. गोळ्या आठवल्या की घ्यायचा. पायांना मुंग्या यायच्या, त्या वयाच्या म्हणून सोडून दिल्या. हाताचं तर घरात कौतुकच व्हायचं. तव्यावरची भाकरी तो नुसत्या बोटांनी उलटायचा आणि त्याची बायको सारजाबाई शेजारणींना सांगायची, "आमच्यांचा हात कामाचा हाय, त्याला चटका काय करंल!" घाटीतल्या, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या, डॉक्टरांनी बोटांवर टाचणी टोचत टोचत मनगटापर्यंत नेली. तिथं कुठं त्याला थोडं कळलं. गेलेलं परत येत नाही, आता आहे ते सांभाळा, असं त्यांनी नीट समजावलं. पुंजारामनं एकच विचारलं, हे कधीपासून असेल? दोनतीन वर्षं तरी असेल, असं उत्तर आलं.

दोनतीन वर्षं! म्हणजे मैना एकटी नव्हती. दौलताबादेत पर्यटकांना फिरवणारी ती लाल घोडी, जिला त्यानं खोडीची म्हटलं होतं. शहरातल्या त्या पंचकल्याणी घोडीला विकून टाका म्हणून त्यानंच सल्ला दिला होता. परतताना रिक्षात बसल्या बसल्या त्याला एकेक पाठ आठवायला लागली. तो रडला. सारजाबाईला वाटलं हात दुखतोय, आणि मग तिच्याच लक्षात आलं की दुखत असता तर बरं झालं असतं. खोगिराच्या बाबतीत यापुढं खोटं बोलायचं नाही, अशी त्यानं तिथंच तिच्यासमोर शपथ घेतली.

चार दिवस तो टपरीत गेला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "अगं, तुझा हात दे बरं."

"काहून?"

"चल पडेगावला."

सारजाबाईनं जन्मात घोड्याला हात लावला नव्हता. तिला खोगिराखाली हात घालायला सांगितला तेव्हा ती डोळे मिटून देवाचं नाव घेऊ लागली. मैनेच्या पाठीवर आता भार टाकायचा नव्हताच, म्हणून इंद्रजीत वरून नुसतं तळव्यांनी हळूहळू दाबत होता. पुंजाराम सारजाबाईच्या शेजारी उभा राहून विचारत होता. इथं लागतं का? नाय. थोडं म्होरं सरकव. इथं? "अगं बाई, इथं तर खडा हाय!" तो खडा म्हणजे गोळा झालेली लोकर होती. संक्रांतीला त्यानंच भरलेली.

तीन दिवस दोघं जात होती. तो लोकर काढायचा, पिंजायचा, भरायचा. ती हात घालून सांगायची. पहिल्या दिवशी तिला नुसतंच दडपल्यासारखं वाटे. तिसऱ्या दिवशी ती म्हणू लागली, "डावीकडं जड हाय, मूठभर काढा." पुंजाराम तिच्याकडं बघतच राहिला. पन्नास वर्षं हा हात भाकऱ्या थापत होता आणि त्यानं कधी विचारलं नव्हतं. खिळे त्यानं एकेक करून वाकवून बसवले, वर दुहेरी नमदा शिवला. त्या तीन दिवसांत तो गुणगुणायलासुद्धा लागला होता. खोगीर झालं ते असं झालं, की गफूरमियाँ असते तर त्यांनी मान डोलावली असती.

चौथ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी मैनेची जखम उघडली आणि आत सळई घातली. सळई बोटभर आत गेली. पू हाडापर्यंत उतरला होता. वरून कातडं भरेल, केसही येतील, पण आतलं नासलेलं तसंच राहील, या पाठीवर आता काही ठेवू नका, असं ते सांगून गेले. इंद्रजीत गोठ्याच्या दारात बसून राहिला. मग उठला, आणि ते खोगीर दुसऱ्या घोडीवर घातलं. तिची पाठ सपाट आणि रुंद. खोगीर बसत नाही हे कळायला मागून वाकून बघायचीसुद्धा गरज नव्हती.

"तिला नाय बसणार ते," पुंजाराम म्हणाला.

"माहितीय बाबा. पण उद्या वरात हाय, आन् वरातीचं खोगीर एकच हाय."

इंद्रजीतनं दीड महिना मैनेला उभं ठेवून खायला घातलं. कुणी त्याला वाईट म्हणू नये. भर लग्नसराईत घोडी नुसती उभी होती, चारा महागला, आणि वैशाखातल्या एका गुरुवारी मैना छावणीच्या बाजारात आली. पाठीवर नवे पांढरे केस आले होते, लांबून डागसुद्धा दिसत नव्हता. गिऱ्हाईक आलं ते सांडू नावाचं, वाळूजकडचा वीटभट्टीवाला. त्याला कच्च्या विटा वाहायला जनावर हवं होतं. मैनेभोवती दोन फेऱ्या मारून झाल्यावर त्याची नजर पुंजारामवर पडली. पुंजाराम दुकान सोडून सकाळपासून तिथंच उभा होता.

"बाबा, तुमी हात लावून सांगा," सांडू म्हणाला. "तुमी चालंल म्हणलात तर घेतो, नाय म्हणलात तर ऱ्हायलं. तुमच्याइतकं पाठीतलं कोणाला कळतं!"

पुंजारामच्या जिवात जीव आला. त्यानं मैनेच्या पाठीवर हात ठेवला. तिचं कातडं हाताखाली थरथरलेलं त्याला दिसलं. "नाय चालणार," तो म्हणाला. "वरून भरलीय, पर आत पू हाय. विटा लादल्या तर महिन्यात बसंल. घेऊ नको, पोरा."

सांडूनं दावं सोडलं. इंद्रजीतनं मान खाली घातली होती. मग ती वर न करताच त्यानं विचारलं, "बाबा, खरं सांगा. तुमच्या हाताला कळतं का आता?"

आवाजात राग नव्हता. पुंजारामला एक शब्द बोलायचा होता, कळतं. हिवाळाभर तो हेच तर बोलत आला होता आणि सगळ्यांनी ते खरं मानलं होतं.  आता खोटं बोलला असता तर घोडी वाचली असती, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. पण खोगिराच्या बाबतीत यापुढं खोटं बोलायचं नाही, अशी त्यानं घाटीतून येताना सारजाबाईसमोर शपथ घेतली होती आणि मोडायला त्याची जीभ वळेना.

"हाताला नाय कळत," तो म्हणाला. "पर मला ठावं हाय. डॉक्टरानं सळई घातली व्हती."

सांडूनं इंद्रजीतकडं बघितलं. इंद्रजीत म्हणाला, "जखम व्हती. भरली." मग सांडूनं पुंजारामच्या हातावरचा लांबलचक वण बघितला, मैनेची चकचकीत पाठ बघितली आणि पुन्हा दावं धरलं. मोठ्या माणसाला दुखवायचं नाही म्हणून जाताना त्यानं पुंजारामच्या पायांना हात लावला. "वाईट नका वाटून घेऊ बाबा. गोणपाटाची गादी जाड टाकीन."

मैना फळीवरून टेम्पोत चढली. टेम्पो बाजारातून हळूहळू निघाला आणि पुंजाराम त्याच्या मागं चालत राहिला. वजन म्होरं टाकू नको, कमरंकडं सरकव, खांद्यावर टाकू नको, असं तो ओरडून सांगत होता. सांडू पुढच्या सीटवर होता, त्याला काही ऐकू जात नव्हतं. रस्त्यावर आल्यावर कुणीतरी पुंजारामला दंडाला धरून कडेला ओढलं, कारण मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या.