उसना

“तुझं काय?”

गणिताच्या बाई वर्गात शिरल्या की पहिला आवाज हा. खडूचा तुकडा बाकावर टकटक वाजवायचा आणि विचारायचं, “तुझं काय?” पोराने वही पुढे केली की तिच्यावर नजर टाकून पुढचा बाक. “बरं. आणि तुझं काय?” खुर्ची त्यांच्यासाठी नव्हतीच. तास संपेपर्यंत त्यांची अशी गस्त चालायची, आणि शेजारच्या वर्गात मराठी शिकवणाऱ्या मला ती टकटक भिंतीतून ऐकू यायची. सांगते, वैताग यायचा.

भांडुपची आमची शाळा, मराठी माध्यमाची. स्टाफरूममध्ये आम्ही दोघी शेजारी बसायचो, म्हणजे मी बसायचे. त्यांचा चहा टेबलावर निवत असायचा आणि त्या खिडकीशी उभ्या. मध्येच, “अगं, त्याला पायऱ्यांचं देते,” असं म्हणून निघूनही जायच्या.

हे पायऱ्यांचं काय, ते सांगायला हवं. पाचवीच्या वर्गातल्या प्रत्येकाला बाई वेगळं गणित द्यायच्या, त्याच्याच घरातलं. एक मुलगा नवीन टॉवरमध्ये राहायला गेला होता, तिथली लिफ्ट कायम बंद. त्याला गुणाकार पायऱ्यांचे. एकीच्या आजीला घावणे करायचा भारी उत्साह, तिला पीठपाण्याचं प्रमाण. गणितावर त्या मुलाचं नाव असायचं. पोरं मधल्या सुट्टीत एकमेकांची गणितं मागून घेऊन सोडवायची. आमच्या वेळी कोणी असं केलं असतं तर कॉपी म्हणून फटके बसले असते.

भानगडीही व्हायच्या. एका मुलाच्या घरी गावचे पाहुणे मुक्काम ठोकून होते. बाईंनी त्यावर भागाकार रचला. दुसऱ्या दिवशी वडील दारात. “आमच्याकडे किती माणसं झोपतात ते शाळेला कशाला हवं?” बाई म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. पाहुणे काढते. मांजरी चालतील?” वडिलांना हसू आवरेना.

मुख्याध्यापिकांना मात्र हसू येत नसे. “प्रत्येकाचं गणित वेगळं, मग तपासायचं कोणी?” त्या विचारायच्या. त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. बाई मान डोलावायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. अबोल, नीटनेटकी, पाढे तोंडपाठ. पण वजाबाकी आली की गाडी अडलीच. बावन्नातून अडतीस गेले की हिच्याकडे उरायचे सव्वीस. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून ही सरळ आठातून दोन काढायची. उसना घेतच नव्हती. बाईंनी बांगड्या मांडल्या, चिंचोके मांडले, बाकी पोरांना जमलं. हिचे सव्वीस ते सव्वीस.

पाचवीला आता पुन्हा नापास करतात, हे तुम्हाला माहीत असेलच. मुलीची आई मालवणकडची, घरी बसून केसांच्या पिना कार्डांवर लावायचं काम करायची. पालकसभेत तिने शांतपणे सांगून टाकलं, “बाईनू, ह्या माझा चेडू नापास झाला तर हिका गावाक धाडतलंय. आजी हा थंय.” रागावून नाही म्हणाली, तिचं ठरलेलं होतं. गावी गेल्यावर शाळा पुढे किती चालणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

त्यानंतर बाईंची घालमेल बघवेना. व्हरांड्यात येरझाऱ्या. डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. “अगं, हिला समजत नाही असं नाहीये. ही घेत नाहीये,” त्या म्हणायच्या. मी म्हटलं, “काही मुलं कच्ची असतात गं. सोड.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वह्या तपासायला घेतल्या.

एका मधल्या सुट्टीत त्या हिच्या बाकापाशी गेल्या. मी दारातच होते. “उसना का घेत नाहीस गं? शेजारीच तर आहे दशक.”

मुलीने बाकावर नख घासलं. मग म्हणाली, “बाई, तो परत कधी द्यायचा?”

“काय परत द्यायचा?”

“उसना. आई म्हणते, उसनं घेतलं तर परत द्यायला लागतं. आमच्यात कोणाकडे काही मागत नाहीत. कढीपत्तापण नाही. आणि इथे तर कोणीच परत देत नाही.”

बाई त्या एवढ्याशा बाकावर तिच्याशेजारी मटकन बसल्या. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. थोड्या वेळाने स्टाफरूममध्ये आल्या त्या हसतही होत्या आणि डोळेही पुसत होत्या. “एवढे दिवस शिकवतेय गं उसना घ्या, उसना घ्या. परत कुठे दिला आपण? पोरगी बरोबर आहे. आपणच चोर.”

दुसऱ्या दिवशी पिनांची कार्डं आली. एका कार्डावर दहा पिना. “पाच कार्डं आणि दोन सुट्या. त्यातल्या अडतीस द्यायच्यात. काय करशील?”

“एक कार्ड मोडेन.”

“कोणाकडे मागशील?”

“मागू कशाला? घरातलंच आहे.”

तिने चौदा लिहिले. बाईंनी खडू वाजवला नाही की शाबासकी दिली नाही, नुसत्या तिच्या वहीकडे बघत उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्या वर्गातून उसना हा शब्द गेला. पोरं कार्ड मोडायला लागली.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, “पेपर दुसऱ्या बाई तपासणार. पुस्तकात उसना आहे.” झालं, येरझाऱ्या पुन्हा सुरू. परीक्षेच्या दिवशी बाईंना दुसऱ्या मजल्यावर पर्यवेक्षण होतं. मी पाचवीवर होते. पाणी प्यायचं निमित्त करून त्या खाली आल्या आणि लांबून भुवया उडवून मला विचारलं. मी काय सांगणार? पोरगी कागदावर मान घालून लिहीत होती, एवढंच दिसत होतं.

ती पास झाली. चांगली झाली. आई प्रगतिपुस्तक घ्यायला आली. तिने ते दोनदा वाचलं, पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, “ऱ्हवांदे हयच.” बाई तिच्याशी नीट बोलल्याही नाहीत. आत गेल्या आणि कपाट आवरायला लागल्या. तेव्हा मला कळलं की सकाळीच त्यांच्या हातात बदलीचा कागद पडला होता. शाळेचा पट घसरला होता, सेवाज्येष्ठतेत त्या सगळ्यांत खाली. दहिसरच्या एका शाळेत जायचं होतं. मी रडले. मला लाज नाही वाटत सांगायला. त्या मात्र खिडकीशी उभ्या राहून विचारत होत्या, तिथली मुलं कुठून येत असतील गं?

जूनमध्ये त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. मी मराठीची बाई, गणित पुस्तकातलं देते, सगळ्यांना एकच. पोरं मुकाट्याने सोडवतात. त्यांचं ते मुकाट्याने सोडवणं मला सहन होत नाही. हल्ली मलाही खुर्चीत बसवत नाही.

परवा शाळा सुटताना ती आई फाटकाशी उभी होती. तिने विचारलं, “गणिताचे बाई खंय गेले?”

मी म्हटलं, “त्या अतिरिक्त ठरल्या.”

“म्हंजे काय?”

“म्हणजे... शाळेत शिक्षक जास्त झाले. त्या जास्तीच्या.”

तिने मुलीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, “जास्तीच्या कशे? आमच्या चेडवाक तर ही एकच बाई होती.”