गोठा फोटोत आला नाही

टोकावड्याच्या स्टँडवर मला सोडायला दादा, माझा थोरला भाऊ, आला होता. कल्याणची एसटी लागली तरी तो माझी बॅग खांद्यावरून उतरवेना. बॅगेत दोन शर्ट आणि एक जुना, वापरलेला कॅमेरा. आई घरीच थांबली होती. निघताना एवढंच म्हणाली, "जातोस ते जा, पन लावनीला ये." मी हो म्हणालो आणि पुढे एकाही लावणीला गेलो नाही. दरवर्षी काही ना काही कारण सापडायचंच.

कल्याणात मला कोणी गुरू भेटला नाही. मोबाइलवरचे व्हिडिओ बघायचे, लग्नांत फुकट फोटो काढायचे, शिव्या खायच्या आणि शिकायचं. सगळ्यात आधी शिकलो ते फ्रेम स्वच्छ ठेवायला. नवरीच्या मागे पाण्याचा टँकर दिसता कामा नये, मामाच्या डोक्यातून मांडवाचा खांब उगवता कामा नये. यात माझा हात असा बसला की लोक म्हणू लागले, ह्याच्या फोटोत पसारा नसतो. मला त्याचा केवढा माज होता! आपल्यातले जे बाहेर पडलेत त्यांनाही हा माज ठाऊक असेल. अंगाला लागलेलं गाव कुठे दिसू द्यायचं नाही.

मग आमच्या पाड्यावरून नवा रस्ता जायचं ठरलं. जाणाऱ्या घरांचे फोटो भरपाईच्या फाइलला लावायचे होते, आणि ते काम घेतलेल्या कंत्राटदाराला तिथलाच फोटोग्राफर हवा होता. मी उडी मारून हो म्हटलं. बायकांनी अंगणं सारवली, दारात रांगोळ्या घातल्या, म्हाताऱ्यांनी ठेवणीतली धोतरं काढली. घराचा शेवटचा फोटो म्हणून सगळे सणासारखे नटले होते. मीही लग्नासारखाच काढला. कोंबड्यांची खुराडी, नांगर, शेणाच्या पाट्या सगळं बाजूला करायला लावलं. आमच्या घराला उजवीकडे लागून गोठा होता, कुडाचा, एका अंगाला कललेला. तो फ्रेम बिघडवत होता. मी चार पावलं डावीकडे सरकलो. घर कसं देखणं, एकटं आलं. पाड्यावरची बाकीची घरंही मी अशीच एकटी काढली. फोटो पाहून आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला.

भरपाईची यादी आली तेव्हा तीत पाड्यावरच्या एकाचाही गोठा नव्हता. मागची फणस-आंब्याची झाडं नव्हती, आमची विहीरही नव्हती. दादा कचेरीत हरकत घेऊन गेला. तिथल्या माणसाने फाइल उघडून माझाच फोटो त्याच्यासमोर धरला आणि म्हणाला, ह्यात दाखवा. दादाने हे मला कितीतरी दिवस सांगितलं नाही. मला वाईट वाटेल म्हणून! बाहेरून कळल्यावर मी कॅमेरा घेऊन धावलो, पण तोवर मशीन फिरलं होतं. सपाट मातीचा फोटो काढून मी काय सिद्ध करणार होतो?

आता दादा आणि आई मुरबाडला भाड्याच्या खोलीत राहतात. गुरं विकली. दादा एका गोदामावर वॉचमन आहे. त्याने मला कधी दोष दिला नाही, फक्त एकदा चहा पिता पिता विचारलं, "तुला गोठा दिसला नाय का रे?"

"दिसला," मी म्हणालो.

तो अर्धा चहा ठेवून बाहेर गेला. नाही दिसला म्हणालो असतो तर त्याने मला माफ केलं असतं.

पाड्यावरची माणसं आता माझा फोन उचलत नाहीत. मी अजून लग्नंच करतो, दुसरं येतं काय मला? कधीकधी नवरा-नवरीला उभं करतो आणि बटण दाबायला हात चालत नाही. इथले लोक विचारतात, तुझं गावचं घर कसं आहे? घराचा तो एकच फोटो आहे, तोच मोबाइलवर दाखवतो. किती छान, म्हणतात. ते गेले की मी फोटो मोठा करतो, उजव्या कडेवर बोट ठेवतो आणि तो सरकवत राहतो. पुढे काही येत नाही.