चिंच कोरडी

त्या सकाळी विहिरीच्या काठावर बसून आम्ही नवराबायकोनं एक कांदा दोघांत फोडला आणि भाकरी खाल्ली. मग ती खोरं घेऊन गव्हाला दारं धरायला, वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला गेली, मी मोटेला बैल जुंपले. दुष्काळ सरून विहिरीला पाणी आलेलं, त्याला फार दिवस झाले नव्हते.

विहिरीपासून गव्हापर्यंत आमचा पाट लांब आणि वाकडा. मधे ज्वारी उभी, त्यामुळं मोटेवरून गहू दिसायचा नाही. उंदरानं पाटात बीळ केलं की पाणी तिथंच जिरायचं, वाफ्यात पोचायचं नाही. मग तिनं वाफ्यापासून पाटाच्या कडेनं वर शोधत यायचं आणि मी मोट हाणत राहायची. पाणीच थांबलं तर बीळ दिसणार कसं?

नवी होती तेव्हा ती नुसतीच ओरडायची, "इथं न्हाई. इथंबी न्हाई."

"इथं म्हंजी कुठं? मला काय दिसतंय?"

"मग जागंला नावं द्या की."

दिली. खालून पहिलं वाफ्याचं तोंड, मग चिंच, मग घसरगुंडी, मग काळा दगड. घसरगुंडी हे नाव तिचं. तिच्या देखत मी तिथं घसरून चिखलात बसलो होतो. ते नाव घेतलं की तिला दर वेळी हसू यायचं. "अवं, घसरगुंडी कोरडी. आज कुनी पडलं न्हाई जनू."

जागा कोरडी असली की हाक द्यायची. ओलं लागलं की हाक थांबायची, म्हणजे बीळ मागच्या नावाच्या वरच्या अंगाला, हे मला मोटेवर बसून कळायचं. मग ती गप बसून चिखल भरायची आणि झालं की "बुजलं" म्हणायची. म्हणून ती गप झाली तर घोर नसायचा.

त्या दिवशी पाणी तुटलं. हाक आली, "तोंड कोरडं." थोड्या वेळानं, "चिंच कोरडी."

पुढं काही नाही. सापडलं म्हणायचं. मोट वर आली, खाली गेली, परत वर आली. बुजवायला इतका वेळ लागत नाही. मी हाक दिली, "अगं, बुजलं का?" बैल थांबवून कान दिला. ज्वारीची पानं तेवढी वाजत होती. मी मोटेचा नाडा सोडला, मोट विहिरीत पडली ती पडली, आणि पळालो.

काळा दगड भरून वाहत होता. घसरगुंडी भरलेली. घसरगुंडीच्या खाली ती बांधाला टेकून बसली होती, दोन्ही हात चिखलाचे.

"छातीत आवळतंय," ती म्हणाली. "थोडंच राह्यलंय बुजवायचं."

"राहू दे ते."

दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली, पण शेवगावची सडक लागायच्या आधीच ती गेली. सांजेला सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. मी पायात वहाणा घातल्या. थोरला भाऊ म्हणाला, "सुतकात रानात कुठं निघालास?"

"आलोच."

वाफ्याच्या तोंडापासून वर निघालो. मोट बंद, सगळा पाटच कोरडा. तरी हाका दिल्या. तोंड कोरडं. चिंच कोरडी. बीळ तिथंच होतं, निम्मं भरलेलं. पाटाच्या तळाची माती उकरून काढली, ती अजून ओली होती. तिनं भरलं होतं त्याला हात लावला नाही. उरलेलं भरलं, टाचेनं दाबलं.

मग विहिरीकडं तोंड करून म्हणालो, "बुजलं."