पुष्पाबाईंनी बस थांबवली

जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये कृष्णरावांना लकवा मारला, त्याला दीड वर्ष झालं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. नोकरीची दोनच वर्षं उरली होती. शेजारचे दोन्ही क्वार्टर रिकामे, मुलगी गुंजन पुण्याला. दिवसचे दिवस त्यांच्या बायकोशी, पुष्पाबाईंशी, कुणी बोलत नसे.

शेजारच्यांनी जाताना टाकलेल्या रद्दीत त्यांना एक जुनी कादंबरी सापडली. पुठ्ठा फाटलेला, नाव नाही. दुपारी त्या ती नवऱ्याला वाचून दाखवू लागल्या. त्यात एका तहसीलदाराचं घर होतं. तो वरच्या खोलीत एकटा जेवायचा, बायको मोलकरणीकडून निरोप पाठवायची, विधवा बहीण भिंतीशी बोलायची. सगळे एका छपराखाली, पण कुणाच्या मनातलं कुणाला ठाऊक नाही.

“पाहा ना, या लोकाइले तोंड नव्हतं काय?” पुष्पाबाई हसून म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

एकतीस वर्षं कृष्णराव फॅक्टरीच्या बसमधून उतरत, जेवत, टीव्ही लावत. ‘भाजीत मीठ कमी हाय’ याखेरीज त्यांचं एकही वाक्य बाईंना आठवेना. त्यांनी पुस्तक भिरकावलं.

“जीभ होती तवा काहून नाई बोलले? मी समोरच होती ना!”

कृष्णरावांचे ओठ हलले. घशातून नुसती घरघर आली. डाव्या हातानं त्यांनी बाईंचा पदर धरला आणि ते ओक्साबोक्शी रडू लागले. बाईंनी पाणी दिलं, हातात पेन दिला. कागदावर वेड्यावाकड्या रेघा उमटल्या. त्यांना काय सांगायचंय, काही केल्या कळेना.

बाईंनी गुंजनला फोन लावला. “आई, मीटिंगमध्ये आहे. नंतर करते.”

तशाच अनवाणी त्या रस्त्यावर धावल्या आणि फॅक्टरी सुटल्यावर येणाऱ्या बससमोर हात पसरून उभ्या राहिल्या. ड्रायव्हर ताराचंदनं करकचून ब्रेक मारला.

“काय झालं, बाई? कृष्णराव बरे हायेत ना?”

“हायेत. कोणीतरी घरात चला. पाचच मिनिटं बसा. मले लय भेव लागून राहिलं.”

खिडक्यांतून माणसं नुसती पाहत राहिली. शेवटी कृष्णरावांच्या सेक्शनमधला कैलाश उतरला. त्यानं चहा घेतला, कृष्णरावांचा हात हाती धरून बसला. निघताना म्हणाला, “येत जाईन, वहिनी.”

दोन रविवार आला. पुढं आला नाही.

आता दुपारी पुष्पाबाई नवऱ्याच्या खाटेला टेकून बसतात. ते घरघरत्या आवाजात काहीतरी म्हणू पाहतात. त्या “हो” म्हणतात. कशाला हो म्हटलं, हे त्यांना माहीत नसतं.