विल्फी आणि तो स्क्रीनशॉट

विल्फी गेला तेव्हा आमचं बोलणं बंद होतं. आठ महिने.

चूक माझी होती. हे त्याला सांगायचं राहिलं, म्हणून इथे सांगतोय.

विल्फ्रेड आंबोली गावठाणातला, मी कांदिवलीचा. वीसेक वर्षांपूर्वी मालाडच्या एका कॉल सेंटरमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसायचो. अमेरिकन कस्टमर लोकांचा सोमवारचा मूड आदल्या दिवशीच्या फुटबॉल मॅचवर असायचा. त्यांच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून आम्ही तो खेळ शिकलो. त्यांचा, हाताने बॉल फेकायचा फुटबॉल.

नोकरी सुटली. खेळ काही सुटला नाही.

मी बघणारा झालो आणि विल्फी शिकवणारा.

दर रविवारी सकाळी अंधेरीच्या एका मैदानावर तो मुलींच्या टीमची प्रॅक्टिस घ्यायचा. फ्लॅग फुटबॉल. यात कोणाला पाडायचं नसतं. कमरेची पट्टी ओढली की खेळ थांबतो. मला कितीदा म्हणाला असेल, ये ना एकदा.

गेलो नाही. अंधेरी ते कांदिवली, किती लांब आहे? पण नाहीच गेलो.

रुचिता त्याची क्वार्टरबॅक. घाटकोपरची, एकोणीस वर्षांची. क्वार्टरबॅक म्हणजे जिच्या हातात बॉल आधी येतो, आणि तो कोणाला द्यायचा हे जिने तीन-चार सेकंदांत एकटीने ठरवायचं.

गेल्या वर्षी एका स्पर्धेच्या सेमीफायनलला शेवटच्या डावात जवळच एक मुलगी मोकळी उभी होती. रुचिताने लांब फेकला. समोरच्या टीमने झेलला. मॅच गेली.

टीमच्या पेजवर व्हिडिओ आला आणि मी सुरू झालो.

माझी सवय तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. शेवटची कमेंट माझी लागते. बायको म्हणते, जेवताना डावा हात रिकामा ठेवतोस तो भांडायला.

मी लिहिलं, "मुलीचं डिसिजन मेकिंग झीरो आहे."

विल्फीने शांतपणे उत्तर दिलं. दोनच वर्षं झालीत तिला खेळायला लागून, वेळ द्या. मी आकडे टाकले. जुन्या मॅचचे व्हिडिओ टाकले. आणखी चार जण आले, कोणी तिच्या बाजूने, कोणी माझ्या. दुपारपर्यंत शंभरेक कमेंट झाल्या.

मग विल्फीने लिहिलं, "घरी बसून व्हिडिओ पॉज केला की सगळ्यांनाच मोकळी मुलगी दिसते रे."

त्याला धडाधड लाइक्स पडले. हसणारे इमोजी आले.

मला झोंबलं.

त्याच्या काही महिने आधी विल्फीने मला एक मेसेज केला होता. फक्त मला. "रुचिता प्रेशरमध्ये घाबरते. मोठ्या मॅचला ठेवू की नको, कळत नाही. कोणाला बोलू नको."

मी त्याचा स्क्रीनशॉट काढला. "कोणाला बोलू नको" कापलं.

आणि टाकला. वर लिहिलं, "कोच साहेबांचं खरं मत."

वाद मी जिंकलो. खरंच जिंकलो. पुढे कोणी काही बोललंच नाही.

अर्ध्या तासाने विल्फीचा फोन आला. मला वाटलं शिव्या घालेल.

"ती वाचेल रे," एवढंच म्हणाला. आणि ठेवला.

मी तो लगेच डिलीट केला नाही. माघार घेतल्यासारखं दिसेल म्हणून अजून तासभर ठेवला. तोवर तिने वाचला होता.

रुचिता प्रॅक्टिसला यायची बंद झाली. विल्फी तिच्या घरी तीनदा गेला, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी त्याला सॉरीचा मेसेज केला, त्यातही लिहिलं, "पण तूही सगळ्यांसमोर मला तसं बोलायला नको होतंस."

त्याने "ठीक आहे" लिहिलं. पुढे काही नाही. मीही फोन केला नाही. वाटलं, होईल हळूहळू नॉर्मल.

गेल्या महिन्यात सकाळी चहा पिता पिता त्याला अटॅक आला. हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाही.

अंत्यविधीला चर्चबाहेर त्याच्या टीमच्या मुली उभ्या होत्या, जर्सी घालून. एकीला मी ओळखलं. जवळ जाऊन म्हटलं, तो स्क्रीनशॉट मी टाकला होता.

"माहीत आहे," रुचिता म्हणाली. "फोटो आहे ना तुमचा प्रोफाइलला."

मग तिनेच सांगितलं. पहिल्या दोन वेळा ती बाहेरच आली नव्हती. सर आईच्या हातचा चहा पिऊन गेले. तिसऱ्यांदा तिला राहवलं नाही. ती बाहेर आली तर सर म्हणाले, मेसेज माझाच आहे, खोटा नाही. मला तसं वाटलं होतं. ते तुला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, माझं चुकलं. स्क्रीनशॉट टाकणाऱ्याचं, म्हणजे माझं, नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही, असंही ती म्हणाली.

त्यानंतरच्या रविवारी ती मैदानावर परत गेली. अजून खेळते.

मी माफी मागितली. तिने मान हलवली.

मग म्हणाली, "काका, तो बॉल मी जवळच द्यायला हवा होता. मला फेकतानाच कळलं होतं. सरांनीही तेच सांगितलं. पण त्यांनी मला सांगितलं. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत."

ती मैत्रिणींकडे गेली.

आज चर्चमध्ये विल्फीची महिन्याची मिस्सा आहे, त्याच्यासाठीची प्रार्थना. मी जाणार आहे, मागे उभा राहीन.

खाली कोणी माझी समजूत काढू नका, प्लीज. त्याला ओळखत असाल तर त्याच्याबद्दल लिहा.

विल्फी, तुझा विश्वास मी मोडला. माफ कर.

शांत झोप, मित्रा.