पंचवीस सायकली, सगळ्या चोवीस इंची

कारखाना म्हटला की किस्से आलेच. बाकीच्यांचे वर्षानुवर्षं साठत जातात. आमचे मात्र एका दुपारी ट्रकमधून उतरले. हसू नका, खरं सांगतोय. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बोईसरच्या कारखान्यात आम्ही पंचवीसजण टेंपररी होतो, आणि कामगारांच्या सोसायटीनं हप्त्यावर सायकली द्यायचं ठरवलं.

सेक्रेटरी होते आमच्यातलेच घरत. उंची सहा फूट. पालघरच्या दुकानात जाऊन त्यांनी एका सायकलीवर टांग टाकली, बाजारात चक्कर मारली आणि तशाच पंचवीस सांगून आले. सगळ्या चोवीस इंची फ्रेमच्या, काळ्या. आमच्यातल्या निम्म्यांची मान कशीबशी सीटच्या वर यायची.

"घरत, अहो पाय पोचत नाहीत," आम्ही म्हटलं.

"असं कसं? मी स्वतः बसून बघितलीय."

आता या माणसाला काय सांगायचं?

*

लॅबमधले सबनीस ओट्यावरून सायकलीवर चढायचे. वाटेत उतरायची सोय नाही, म्हणून रेल्वेचं फाटक बंद असलं की ते सीटवर बसल्या बसल्याच फाटकाचा दांडा कवटाळून थांबायचे. एकदा गाडी गेली, दांडा वर निघाला, आणि सबनीस दांड्याबरोबर! सायकल खालीच.

फाटकवाल्यानं फाटकाचं हँडल उलटं फिरवून त्यांना अलगद खाली घेतलं. सबनीसांनी शर्ट नीट केला. "चला, उतरायचं तरी झालं," म्हणाले.

फाटकवाला बिचारा त्यांना परत सायकलीवर चढवत बसला, आणि दोन्हीकडचा ट्रॅफिक बघत बसला.

*

पवार चाळिशीत नोकरीला लागलेले, सांगलीकडचे, पोट सुटलेले. ते दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचे. एका रविवारी रॉकेलचा डबा घेऊन असेच निघाले होते, तर समोरून त्यांच्या पोराची अख्खी क्रिकेट टीम आली. पोरगा दोन दिवस बापाशी बोलला नाही.

पवारवहिनी शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या वेळी त्यालाच पाठवते. त्याला वरून मारता येते."

*

आमचा वेल्डर रामसेवक म्हणजे हुशार गडी. त्यानं सीटखालचा पाइप काढला, वीतभर कापला आणि सीट पार दांडीला टेकवली. मग मोठ्या ऐटीत टांग टाकली आणि जागच्या जागी कळवळला.

"सीट तो नीचे आ गया," तो म्हणाला, "लेकिन डंडा वहीं का वहीं है."

खरी गंमत पुढेच झाली. सगळ्या सायकली एकसारख्या. संध्याकाळी गडबडीत घरत नेमकी रामसेवकची सायकल घेऊन गेले. सहा फुटी माणूस, गुडघे हनुवटीला लागतायत, आणि तसेच पालघरपर्यंत! दुसऱ्या दिवशी लंगडत आले. आम्ही विचारलं, "काय घरत, बसून बघितली का?"

*

आता जानूचं सांगतो. जानू डोंगराकडच्या पाड्यावरचा, बॉयलरवर टेंपररी. आमच्यात सगळ्यात बुटका आणि कामाला सगळ्यात वाघ. त्याची फाइल मोठ्या साहेबांकडे गेली होती. कायम झाला की कंपनीच्या बसचा पास मिळणार होता. पण दोन लेट मार्क आधीच पडलेले. तिसरा पडला असता तर फाइल बंद. आणि घरात कमावणारा तो एकटाच.

जानू गावच्या ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावरून सायकलीवर बसायचा तो थेट गेटवर. तिथं मुरबे गावचे तांडेलकाका वॉचमन होते. ते रोज हँडल धरून त्याला उतरवून घ्यायचे.

एका सकाळी काका रजेवर. जागी नवा वॉचमन, आणि शेजारी मोठे साहेब, उशिरा येणाऱ्यांना पकडायला. भोंग्याला दोनच मिनिटं बाकी. जानू आला. "धरा, धरा," तो ओरडला. वॉचमन घाबरून बाजूला झाला. जानू सरळ आत शिरला आणि झेंड्याच्या खांबाभोवती गोल फिरायला लागला.

"उतर खाली," साहेब म्हणाले.

"उतरता नाय येत, साहेब," म्हणेपर्यंत जानू पलीकडे गेला.

दुसऱ्या चकरेला साहेबांनी विचारलं, "मग रोज कसा उतरतोस?"

"तांडेलकाका धरतात."

तिसऱ्या चकरेला त्यानं खिशातून हजेरीचं कार्ड काढून पुढं केलं. "साहेब, एवढं कार्ड मारा. मी इथंच हाय."

साहेबांनी कार्ड घेतलं. काय वाटलं देव जाणे, धावत जाऊन त्यांनी ते मशीनमध्ये घातलं. खट्ट झालं आणि मागोमाग भोंगा वाजला. आम्ही खिडकीत उभे होतो, आमचा जीव भांड्यात पडला.

मग साहेबांनी बाह्या वर केल्या, आडवे उभे राहिले आणि पुढच्या चकरेला हँडल धरलं. दोघं चार पावलं फरफटत गेले, पण जानू उतरला.

साहेबांनी घाम पुसला. "उद्या तांडेल येतोय ना?"

"नाय, साहेब. आठ दिस रजेवर हायत."

जेवणाच्या सुट्टीआधी जानूची कायम केल्याची ऑर्डर टाइप झाली. बसचा पास साहेब स्वतः बॉयलरवर देऊन आले.