बागेपर्यंत किती मिनिटं

बंगालच्या राजधानीत, सॉल्ट लेक भागातल्या ऑफिसात माझं काम नकाशांचं. शहरातल्या प्रत्येक घरापासून जवळची बाग किंवा मैदान चालत किती मिनिटांवर आहे, हे संगणकावर काढायचं. जवळ असेल तो भाग हिरवा, लांब असेल तो लाल. बागबाजारातलं आमचं भाड्याचं घर हिरव्यात होतं, पाच मिनिटांवर.

त्या हिवाळ्यात सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्ष झालं होतं, तरी तीन आठवडे त्या गॅलरीपलीकडे गेल्या नव्हत्या. मी म्हटलं, "आई, बाग पाच मिनिटांवर आहे. नकाशा मीच केलाय."

"मग चल, दाखव," म्हणत त्या काठी घेऊन उठल्या.

रविवारची सकाळ होती. फुटपाथवर दुकानं मांडलेली, म्हणून आम्ही रस्त्याच्या कडेनं चालत होतो. मोठा रस्ता ओलांडायला दोन सिग्नल गेले. पलीकडे घराच्या ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या एका बंगाली आजींनी सरकून जागा केली, तिथे आई टेकल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण गुडघ्यांकडे बोट दाखवत त्या बराच वेळ बोलल्या. बागेशी पोचलो तर आमच्या बाजूच्या फाटकाला कुलूप. वळसा घालून आत शिरेपर्यंत पंचवीस मिनिटं झाली. मला ओशाळल्यासारखं झालं.

आई बाकावर ऊन खात बसल्या आणि म्हणाल्या, "जागा छान आहे गं. तुझा नकाशा तेवढा तरण्या पायांचा आहे."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या साहेबांना सांगितलं की आपण बागेच्या कडेपर्यंतचं अंतर मोजतो, उघड्या फाटकापर्यंतचं नाही. आणि चाल धरतो ती धडधाकट माणसाची. त्यांनी नकाशावर आमची गल्ली शोधली. मग म्हणाले, "आधी तुमचाच भाग नव्यानं मोजून आणा."

पुढचे सहा रविवार आई आणि मी घड्याळ घेऊन फिरलो. कुठे टेकायला जागा आहे, कुठे पायरी उंच आहे, हे आई वहीत लिहायच्या. नव्या नकाशात आमची गल्ली हिरवी राहिली नाही. साहेबांनी तो तसाच पुढे पाठवला.

इकडे ओट्यावरच्या आजींनी फाटकासाठी बंगालीत अर्ज लिहिला. गल्लीतल्या बायकांबरोबर आईंनीही मराठीत सही ठोकली. दोनेक महिन्यांनी ते फाटक सकाळचं उघडायला लागलं.

परतीच्या तिकिटाचं विचारलं तेव्हा आई म्हणाल्या, "एवढ्यात नको. अजून दोन बागा मोजायच्या राहिल्यात."